वाचकांचे प्रश्न : परदेशातील विद्यापीठाच्या वसतिगृहात राहताना

ब्रिटनमधील विद्यापीठांचे वर्ष सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते, त्यामुळे गोव्यातील अनेक घरांत चवथीची माटोळी आणि परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या बॅगा यांची बांधाबांध एकाच सुमारास चालते. या वेळी सदराकडे आलेली बहुतेक पत्रे राहण्याच्या जागेविषयी आहेत. शुल्क, व्हिसा आणि कर्ज यांविषयी घरातले सगळे महिनोन्महिने बोलत असतात. वसतिगृहाचा अर्ज मात्र शेवटच्या क्षणी, बहुधा मुलाने किंवा मुलीने एकट्याने मोबाइलवर भरलेला असतो. म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी मध्य इंग्लंडमधील एका विद्यापीठात एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी निघाली आहे. विद्यापीठाच्या स्वतःच्या वसतिगृहात आठवड्याला २०० पौंड भाडे आहे, तर जवळच्याच एका खासगी विद्यार्थी-इमारतीत १८० पौंड. आमचे एक नातेवाईक स्विंडनला असतात, ते तिला आपल्या घरी ठेवायला तयार आहेत. काय योग्य ठरेल?
— एक पालक, म्हार्दोळ

उत्तर : दोन्ही आकडे आठवड्याचे आहेत हे आधी लक्षात घ्यावे. आपल्याला भाडे महिन्याने मोजायची सवय असल्यामुळे २०० पौंडांना चाराने गुणून ८०० असा हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात वर्षाचे बावन्न आठवडे बारा महिन्यांत वाटले की महिन्याला सुमारे ८६७ पौंड पडतात. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे करार किती आठवड्यांचा आहे हे पाहणे. समजा, विद्यापीठाचा करार ४४ आठवड्यांचा आणि खासगी इमारतीचा ५१ आठवड्यांचा असेल, तर वर्षाकाठी पहिल्याचे ८,८०० आणि दुसऱ्याचे ९,१८० पौंड होतील, म्हणजे आठवड्याच्या भावात स्वस्त दिसणारी खोली एकूण रकमेत महाग ठरेल. पण एवढ्यावरही निर्णय घेऊ नये, कारण एक वर्षाच्या एम.एस्सी.चा प्रबंध बहुधा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये सादर करायचा असतो, आणि सप्टेंबरमध्ये सुरू झालेला ४४ आठवड्यांचा करार जुलैतच संपतो. ऐन लिखाणाच्या दिवसांत सामान उचलून नवी जागा शोधावी लागणे हा खर्च कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही. विद्यापीठांकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५० किंवा ५१ आठवड्यांचे करारही असतात. मुलीने तो मागावा आणि मग दोन्ही खोल्यांची तुलना एकाच मुदतीवर करावी.

भाड्यात काय काय धरले आहे हेही विचारावे. वसतिगृहांत वीज, पाणी, खोली तापवण्याचा खर्च आणि इंटरनेट हे सहसा भाड्यातच असते, तर कपडे धुण्याचे आणि वाळवण्याचे यंत्र वापरण्याचे पैसे बहुधा वेगळे आणि दर खेपेला द्यावे लागतात. पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला ‘कौन्सिल टॅक्स’ हा स्थानिक कर लागत नाही. खासगी इमारती अनेकदा ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागतात; तो नसेल तर बऱ्याच महिन्यांचे भाडे आगाऊ द्यावे लागते किंवा शुल्क घेऊन जामीन राहणाऱ्या संस्थेकडे जावे लागते. व्हिसाच्या दृष्टीनेही एक फरक आहे. राहण्याच्या खर्चासाठी जी रक्कम खात्यात सलग २८ दिवस दाखवावी लागते, तीतून विद्यापीठाला वसतिगृहासाठी आधीच भरलेले पैसे ठरावीक मर्यादेपर्यंत वजा करता येतात. खासगी मालकाला दिलेल्या पैशांना ही सवलत नाही.

माझे मत विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण तक्रारीच्या वाटेशी निगडित आहे. खोलीत ओल असो, शेजाऱ्याचा त्रास असो, विद्यापीठाच्या वसतिगृहात निवास कार्यालय, मग विद्यापीठाची औपचारिक तक्रार यंत्रणा, आणि तिथेही समाधान झाले नाही तर इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅज्युडिकेटर’ ही स्वतंत्र संस्था, अशा पायऱ्या उपलब्ध असतात. विद्यार्थी संघटनेचे सल्ला केंद्र मोफत मदत करते आणि ते विद्यापीठ प्रशासनापासून वेगळे असते. खोली निवडताना मात्र चकचकीत छायाचित्रांपेक्षा स्वयंपाकघर किती जणांत आहे हे पाहावे. स्वतःची शेगडी आतच असलेली ‘स्टुडिओ’ खोली पालकांना सुरक्षित वाटते, पण कोणीही ओळखीचे नसलेल्या गावी एकट्याने जाणाऱ्या मुलीसाठी मी ती सुचवणार नाही. पहिल्या महिन्यात मैत्री जुळते ती चहा उकळताना आणि भांडी घासताना. सहा-आठ जणांचे स्वयंपाकघर हे त्यासाठी उत्तम ठिकाण आहे. मुलीला फक्त मुलींचा किंवा मद्यविरहित मजला हवा असेल, तर अनेक विद्यापीठांच्या अर्जात तसा पर्याय असतो. तो मिळेलच असे नाही, पण न मागता तर नक्कीच मिळणार नाही.

स्विंडनच्या नातेवाइकांचा आधार मोठा आहे. तिथे गोमंतकीयांची चांगली वस्तीही आहे. परंतु मध्य इंग्लंडपासून ते अंतर रोज ये-जा करण्याचे नाही. सुट्टीत तिने त्यांच्याकडे जरूर जावे.

प्रश्न : आमच्या घरी सोमवार आणि गुरुवार पाळतात, एरवी आम्ही मासे खातो. वसतिगृहात सहा जणांचे एकच स्वयंपाकघर आहे आणि तिथे बीफही शिजेल असे कळते. मी काय काळजी घ्यावी? नारळ, सोलं, तूप, सुकी सुंगटं असे काय काय नेता येईल? देवापुढे दिवा लावता येईल का?
— एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन यांना ब्रिटनमधील जवळजवळ सर्व वसतिगृहांत बंदी असते आणि हा नियम मोडल्यास दंड होऊ शकतो. विजेवर चालणारा छोटा दिवा नेल्यास प्रश्न मिटतो. धुराची धास्ती तिथे उगाच नाही. एका खोलीतील धुराने पूर्ण इमारतीची घंटा वाजते आणि शंभर-दोनशे मुले मध्यरात्री थंडीत बाहेर उभी राहतात. घंटेची चाचणी बहुधा दर आठवड्याला ठरलेल्या वेळी होते, पण त्या वेळेखेरीज घंटा वाजली तर हातातले काम टाकून बाहेर पडायचेच असते.

यातूनच फोडणीचा प्रश्न येतो. स्वयंपाकघरात सहसा उष्णता ओळखणारे यंत्र बसवलेले असते, तर बाहेरच्या बोळात धूर ओळखणारे. मोहरी-मिरचीची फोडणी स्वयंपाकघरात चालून जाते, पण दार उघडे टाकले की तोच धूर बोळात जातो आणि घंटा वाजते. म्हणून दार बंद ठेवावे, शेगडीवरचा पंखा आधी लावावा आणि खिडकी उघडावी. खोलीत स्वतःची शेगडी, राइस कुकर किंवा टोस्टर ठेवायला सहसा परवानगी नसते.

भांड्यांबाबत एक गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. तिथे अनेक ठिकाणी इंडक्शन शेगड्या असतात आणि त्यांवर साधी अ‍ॅल्युमिनियमची भांडी तापत नाहीत. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते चालेल, तेव्हा कुकर आणि कढई विकत घेताना चुंबक सोबत न्यावा. कुकर वापरायची परवानगी आहे का ते नियमावलीत पाहावे, आणि असल्यास पहिली शिट्टी होण्याआधी घरातल्या सगळ्यांना तिची कल्पना द्यावी, कारण ज्यांनी ती कधी ऐकलेली नाही ते खरोखर घाबरतात. मिक्सर इथून नेऊ नये. व्होल्टेज सारखे असले तरी तिथले प्लग वेगळ्या आकाराचे असतात, आणि बाहेरून आणलेल्या मोठ्या उपकरणांना अनेक वसतिगृहे हरकत घेतात.

भारतातून ग्रेट ब्रिटनमध्ये जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची मिठाई हे सारे घरीच राहिले. तूप तिथल्या भारतीय दुकानांत सहज मिळते. सुकी सोलं, तिरफळं आणि घरचे मसाले मात्र भरपूर न्यावेत, कारण त्यांतली तिरफळं मिळणे फार कठीण आहे. नारळ नेण्यात अर्थ नाही. खवलेला गोठवलेला नारळ आणि डब्यातले नारळाचे दूध तिथे मिळते, आणि उकडे तांदूळ दक्षिण भारतीय किंवा श्रीलंकन दुकानांत शोधावेत. सुकी सुंगटं नेऊ नयेत असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यांचा वास पाच अनोळखी माणसांच्या कपड्यांत, खोल्यांत आणि पडद्यांत दिवसभर राहतो.

बीफविषयी संकोच न करता, पण पहिल्याच आठवड्यात आणि शांतपणे बोलावे. ‘माझा तवा, सुरी आणि कापायची पाटी मी वेगळी ठेवते, कृपया ती वापरू नका’ एवढे सांगितले तर बहुतेक मुले ते मनापासून पाळतात. जे सांगितले नाही ते त्यांना कळणार कसे? ही तीन भांडी खोलीत ठेवली तर वादाचे कारणच उरत नाही. फ्रिजमध्ये वरचा कप्पा मागून घ्यावा. अन्नसुरक्षेच्या तिथल्या नियमांप्रमाणे कच्चे मांस सर्वांत खाली ठेवायचे असते, त्यामुळे वरचा कप्पा मागणे कोणालाही वावगे वाटत नाही. दुसऱ्याला तुमच्या ताटाचा आदर करायला सांगताना आपणही त्याच्या ताटाविषयी तोंड वाकडे करू नये, हे तुमच्यासारख्या विचारी मुलीला सांगायला नकोच.

प्रश्न : मुलाच्या खोलीसाठी एका एजंटमार्फत ठेव आणि पहिला हप्ता भरला. व्हिसा नाकारला गेला. आता एजंट म्हणतो की पैसे परत मिळणार नाहीत. खरे आहे का?
— एक पालक, म्हापसा

उत्तर : एजंट काय म्हणतो त्यावरून काही ठरत नाही, करारात काय लिहिले आहे त्यावरून ठरते. मुलाच्या नावावर झालेला मूळ करार एजंटकडून नव्हे, तर थेट त्या इमारतीच्या कार्यालयाकडून ई-मेलने मागवा. व्हिसा नाकारला गेल्यास किंवा विद्यापीठात प्रवेशच न मिळाल्यास करार रद्द करण्याची मुभा अनेक वसतिगृहे, खासगीसुद्धा, देतात. पण तिला दोन अटी असतात. नकाराचे पत्र पुरावा म्हणून द्यावे लागते आणि ते ठरावीक दिवसांच्या आत द्यावे लागते. म्हणून पुनर्विचाराचा अर्ज करायचा की नाही याची घरात चर्चा चालू असतानाच नकाराचे पत्र आजच पाठवून द्या आणि त्याची पोच मागा. ठेवीची रक्कम आणि भाड्याचा हप्ता यांचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा दोन्हींविषयी स्वतंत्रपणे लिहा.

इतर वाचकांसाठी एवढेच जोडते की पैसे विद्यापीठाच्या किंवा इमारतीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच भरावेत. न पाहिलेल्या घराचे पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यात पाठवायला सांगणारा माणूस कितीही गोड बोलला तरी पाठवू नयेत.

प्रश्न : मुलगा स्कॉटलंडला गेल्यापासून आधी रोज फोन करायचा. नोव्हेंबर लागल्यापासून तुटक बोलतो, ‘झोपलो होतो’ म्हणतो. वसतिगृहात फोन केला तर त्यांनी काहीही सांगायला नकार दिला. नाताळात तिथे सगळे घरी जातात म्हणे. जीव लागत नाही.
— एक आई, मडगाव

उत्तर : तुमची काळजी मला समजते आणि ती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. आधी घड्याळाकडे पाहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास मागे जातात आणि आपल्यातले अंतर साडेचार तासांवरून साडेपाच तासांवर येते. तुम्ही रात्री नऊ वाजता फोन करीत असाल, तर पूर्वी तिथे साडेचार वाजलेले असत, आता साडेतीन वाजलेले असतात, आणि तो वर्गात असू शकतो. दुसरी गोष्ट उजेडाची. डिसेंबरात स्कॉटलंडमध्ये दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. बारा महिने लख्ख प्रकाशात वाढलेल्या आपल्या मुलांच्या झोपेवर आणि मनावर त्याचा परिणाम होणे स्वाभाविक आहे. सकाळी उजेड असताना अर्धा तास बाहेर चालून ये, हे त्याला जरूर सांगा.

वसतिगृहाने माहिती दिली नाही ती उद्धटपणाने नव्हे. विद्यार्थी प्रौढ असतो आणि त्याच्या परवानगीवाचून त्याची माहिती आईवडिलांनाही देण्यास तिथला कायदा सहसा मज्जाव करतो. परंतु तुम्ही माहिती देऊ शकता आणि ती त्यांनी ऐकावी असा आग्रह धरू शकता. ‘मला काही सांगू नका, फक्त ऐकून घ्या, मला अशी अशी भीती वाटते, कृपया कोणी त्याला भेटून या’ असे म्हटले की वसतिगृहाचे कर्मचारी सहसा खोलीवर जाऊन विचारपूस करतात. तातडीची भीती असेल तर विद्यापीठाच्या चोवीस तास चालणाऱ्या सुरक्षा कक्षाला फोन करा. तो क्रमांक आजच लिहून ठेवा, कारण तिथला ९९९ हा आपत्कालीन क्रमांक गोव्यातून लावून उपयोगाचा नाही. मुलाने व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेला आहे, त्यामुळे जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवून तो विनाशुल्क सल्ला घेऊ शकतो. विद्यापीठाचे समुपदेशनही मोफत असते. ‘वेड्यांसाठी असते ते’ हा समज अजून आपल्या घराघरांत आहे. तुम्हीच त्याला सांगितलेत की ‘जाऊन बोल, मला बरे वाटेल’, तर त्याचा अर्धा संकोच गळून पडेल.

नाताळाची तयारी मात्र वेळेत करायला सांगा. २५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये रेल्वेगाड्या जवळजवळ पूर्ण बंद असतात, बहुतेक मोठी दुकाने बंद असतात, आणि विद्यापीठाची कार्यालये नववर्षापर्यंत उघडत नाहीत. आदल्या दिवशीच वाणसामान आणि औषधे आणून ठेवावी लागतात. परदेशी विद्यार्थी त्या दिवसांत वसतिगृहातच राहतात आणि त्यांच्यासाठी विद्यापीठाची प्रार्थनागृहे आणि विद्यार्थी संघटना अनेकदा एकत्र जेवण ठेवतात. मडगावात नाताळ कसा असतो हे त्याने लहानपणापासून पाहिले आहे. स्वयंपाकघरात उरलेल्या चार जणांसाठी त्यानेच गोव्याची करी रांधावी असे सुचवून पाहा. कृती सांगायच्या निमित्ताने त्याचा फोनही येईल.

प्रश्न : मुलीचे वय सतरा पूर्ण आहे. पदवीसाठी जाताना वसतिगृह मिळेल का?
— एक पालक, साखळी

उत्तर : मिळते, परंतु अठरा पूर्ण होईपर्यंत अनेक विद्यापीठे पालकांची लेखी संमती आणि ब्रिटनमध्ये राहणारा एखादा जबाबदार प्रौढ मागतात. काही खासगी इमारती अठराच्या आतील विद्यार्थी घेतच नाहीत. अर्जात वय स्पष्ट लिहावे. तिच्या लसींकडेही आताच लक्ष द्यावे. वसतिगृहात अनेक तरुण दाटीने राहत असल्यामुळे मेंदूज्वराचा धोका वाढतो, म्हणून ब्रिटनमध्ये पंचवीस वर्षांखालील नव्या विद्यार्थ्यांना मेनिन्गोकोकस या जिवाणूच्या चार प्रकारांवरची लस देण्याची शिफारस आहे. जाण्याआधी डॉक्टरांशी बोलून ती घ्यावी, आणि गोवराची लस झाली असल्याचा कागद जवळ ठेवावा.

प्रश्न : मी लंडनला पहिल्या वर्षाला आहे. सोबतची मुले म्हणतात की पुढच्या वर्षासाठी पाच जणांत घर आत्ताच, नोव्हेंबरात, घेतले नाही तर काही उरणार नाही. त्यांना ओळखून मला दोन महिने झालेत. सही करू का?
— एक विद्यार्थी, मूळ पेडणे

उत्तर : घाईने करू नका. पाच जणांनी एकत्र सही केलेल्या करारात बहुधा सर्वजण मिळून आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे पूर्ण भाड्यास जबाबदार असतात, म्हणजे उद्या एकाने शिक्षण सोडले आणि पैसे थकवले, तर मालक ती रक्कम तुमच्याकडे मागू शकतो. तुमचे वडील जामीनदार असतील, तर त्यांच्याकडेही. काही विद्यापीठे दुसऱ्या वर्षाच्या परदेशी विद्यार्थ्यांना पुन्हा वसतिगृह देतात. निवास कार्यालयात आधी ते विचारा. घर घ्यायचेच ठरले, तर कराराचा मसुदा विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्राकडून तपासून घ्या. इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या कुटुंबांतील पाच किंवा अधिक जण राहतात अशा घराला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो, आणि तो आहे की नाही हे कौन्सिलच्या नोंदवहीत पाहता येते. घराची ठेव सहसा पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही आणि ती मालकाने ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करावी लागते. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर द्यायला मालक कां-कूं करीत असेल, तर ते घर सोडून द्या.

प्रश्न : फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन मी जर्मनीला जात आहे. वरच्यासारखेच नियम तिथेही असतात का?
— एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : नाही, बरेच काही वेगळे आहे. जर्मनीत वसतिगृहे बहुधा विद्यापीठ चालवत नाही, ‘श्टुडियरेंडनवेर्क’ नावाची प्रादेशिक विद्यार्थी-सेवा संस्था चालवते, आणि तिच्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. भाडे खासगी बाजारापेक्षा पुष्कळ कमी असते, त्यामुळे म्युनिकसारख्या शहरांत प्रतीक्षायादी काही सत्रांची होते. प्रवेशपत्राची वाट न पाहता जितक्या लवकर अर्ज स्वीकारतात तितक्या लवकर तो करा, आणि पहिल्या काही महिन्यांसाठी तात्पुरती जागाही पाहून ठेवा. ती जागा निवडताना घरमालक राहत असल्याचा दाखला देईल ना, हे आधी विचारा, कारण राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्या दाखल्याशिवाय नोंदणी होत नाही. बँक आणि निवास परवाना यांची कामे बहुधा त्या नोंदणीवर अडतात.

रेडिओ-दूरचित्रवाणीसाठी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो वर्गणी द्यावी लागते, तुम्ही टीव्ही पाहत असा वा नसा. एकाच सदनिकेत चौघे राहत असाल, तर ती चौघांत मिळून एकदाच भरायची असते; सामाईक बोळात उघडणारी तुमची स्वतंत्र खोली असेल, तर मात्र ती वेगळे घर धरली जाते. पत्ता नोंदवल्यावर या वर्गणीचे पत्र येते. ते जाहिरात समजून फेकून देऊ नका.